झाकणांचे महावस्त्र

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत. तेथील आवारांत भंगाराचे मोठमोठे ढीग रचलेले असतात. मोडक्या सायकलींचे सांगाडे, गंजलेले पत्रे, झिजलेले फाळ, तुटलेल्या साखळ्या, दाते पडलेली चाके, एका काळी ज्यांच्यावाचून कोणाचे तरी अडत होते अशा नाना वस्तू तेथे एकमेकींवर पडलेल्या दिसतात. त्या भट्टीत जातात आणि सुमारे १५०० अंश सेल्सियस उष्णतेत त्यांचा रस होतो. रसाचे ठोकळे बनतात, ठोकळ्यांच्या सळया निघतात आणि त्या सळया दूरदूरच्या गावी घरांच्या व पुलांच्या पोटात जाऊन बसतात. अशी एखादी सळई हाती घेऊन कोणी सांगू शकेल काय, की यातला हा अंश अंबडकडच्या नांगराचा आणि तो अंश परतूरच्या शिवणयंत्राचा? ते शक्य नाही. भट्टी वस्तूला नवा जन्म देते. परंतु त्यासाठी ती तिचा मागचा जन्म पार पुसून टाकते.

त्याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत टाकाऊ वस्तूला पुन्हा उभे करण्याची आणखी एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती म्हणजे गोधडी. विरलेले लुगडे, फाटलेले धोतर, लहान झालेले परकर यांचे थर एकावर एक अंथरून घरातील वडीलधारी स्त्री त्यांवर धावदोरा घालते. गोधडी पुरी झाली तरी तिच्यातला तुकडा आपली ओळख सोडीत नाही. तिच्यावर निजलेले मूल बोट ठेवून विचारते, ‘‘आजी, हा काठ कोणाच्या लुगड्याचा?’’ आणि आजीला उत्तर माहीत असते.

एक रीत वितळविण्याची, दुसरी जोडण्याची. या दुसऱ्या रीतीने ज्याने टाकून दिलेल्या पत्र्याच्या तुकड्यांची प्रचंड वस्त्रे निर्माण केली आणि जगातील थोर संग्रहालयांच्या भिंती त्यांनी झाकल्या, तो शिल्पकार आफ्रिका खंडातील आहे. त्याचे नाव एल अनात्सुई.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. १९४४ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेला अनात्सुई यांचा जन्म तेथील अन्याको या गावी झाला. त्या वेळी देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि त्यांनी त्याला ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सुवर्णकिनारा, असे नाव दिले होते. परक्यांना त्या भूमीत काय दिसले, हे त्या नावावरूनच उघड होते. अन्याको हे गाव किटा नावाच्या मोठ्या खाजणाच्या काठी वसले आहे. अनात्सुई यांचे वडील मासेमारी करीत आणि मागावर कापडही विणीत. या पित्याच्या बत्तीस अपत्यांत एल हे सर्वांत धाकटे! आई लहानपणीच गेली. त्यामुळे ख्रिस्ती धर्मोपदेशक असलेल्या मामांच्या घरी, मिशनच्या आवारात, ते वाढले.

त्यांच्या घरी जे कापड विणले जाई, त्याची माहिती येथे करून घेतली पाहिजे. कारण पुढच्या साऱ्या कथेचा धागा तेथेच आहे. त्या कापडाला केंटे असे म्हणतात. आपल्याकडे पैठणीला जो मान, तोच घानात केंटेला. सणासमारंभात व राजदरबारात ते पांघरतात. मात्र ते एकसंध विणीत नाहीत. अरुंद मागावर सुमारे चार इंच रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या विणतात आणि मग त्या शेजारी शेजारी शिवून मोठे वस्त्र तयार करतात. पिवळा, तांबडा, हिरवा, काळा असे भडक रंग पट्टीपट्टीतून आळीपाळीने येतात. प्रत्येक नक्षीला स्वतंत्र नाव असते आणि पुष्कळदा त्या नावामागे एखादी म्हण किंवा एखादा प्रसंग दडलेला असतो. वडील विणकर, भाऊ विणकर; पण धाकट्या एलने मात्र कधी माग चालविला नाही. घरातील विद्या काही वेळा हातात न उतरता डोळ्यांत राहते आणि फार उशिरा बाहेर येते. येथे तसेच घडले.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला व त्याने घाना हे नाव धारण केले. तेव्हा अनात्सुई तेरा वर्षांचे होते. पुढे कुमासी येथील विद्यापीठात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले व १९६९ साली ते पुरे केले. देश स्वतंत्र झाला होता, परंतु कलाशाळेतील अभ्यासक्रम स्वतंत्र झाला नव्हता. तेथे युरोपातील शिल्पे व युरोपातील रीतीच प्रमाण मानल्या जात. या तरुण विद्यार्थ्याला ती उणीव जाणवू लागली. कुमासीतच एक सांस्कृतिक केंद्र होते; तेथे विणकर, सुतार, कापडावर ठसे उमटविणारे कारागीर आपापली कामे करीत बसत. अनात्सुई तेथे जाऊन ती कामे पाहत असत. ते ठसे ‘अडिंक्रा’ या नावाने ओळखले जातात आणि त्यांतील एकेका चिन्हात एकेक विचार साठविलेला असतो. एका चिन्हात मान मागे वळविलेला पक्षी आहे. जे मागे राहून गेले ते परत जाऊन घेऊन यावे, असा त्याचा भावार्थ आहे.

शिक्षण संपल्यावर ते विनेबा या गावी शिक्षक झाले. संगमरवर किंवा कासे यांच्या मागे न लागता त्यांनी बाजारातील साधी लाकडी ताटे घेतली. घानातील बाजारात विक्रेत्या स्त्रिया अशा ताटांत आपला माल मांडून बसतात. तापविलेल्या लोखंडाने त्या ताटांवर डागून अनात्सुई यांनी जुनी चिन्हे उमटविली. १९७५ साली ते नायजेरिया देशात एन्सुका येथील विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले आणि २०११ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. एन्सुकाला आल्यावर त्यांचे लक्ष फुटक्या मडक्यांकडे गेले. माठ फुटला म्हणजे आपल्याकडे त्याचे खापर कोंबड्यांना पाणी ठेवण्यास किंवा विस्तव नेण्यास उपयोगी पडते. पश्चिम आफ्रिकेतही तसेच आहे. फुटणे हा मडक्याचा शेवट नव्हे, तेथून त्याची दुसरी कामगिरी सुरू होते, हे त्या खापरांनी त्यांना शिकविले. मग काही वर्षे त्यांनी लाकडाच्या फळ्यांवर काम केले. झाडे कापण्याच्या यंत्रकरवतीने ते त्या फळ्या चिरीत आणि आगीने त्यांवर डाग देत. परक्या सत्तांनी आफ्रिकेच्या नकाशावर मनास येईल तशा रेघा ओढून माणसांचे समूह चिरले, त्याची आठवण करवतीच्या त्या धसमुसळ्या कापण्यात होती.

अशा रीतीने त्यांच्या वयाची चोपन्न वर्षे झाली. कलावंत म्हणून नाव होते. परंतु ज्या कामामुळे जग त्यांना ओळखणार होते ते अद्याप सुरूच झाले नव्हते. १९९८ साली एन्सुकाच्या परिसरात त्यांना वाटेच्या कडेला टाकून दिलेली एक पिशवी सापडली. पिशवीत मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे भरलेली होती. त्यांनी ती उचलून कार्यशाळेत आणून ठेवली. त्यांचे करावयाचे काय, हे त्यांना त्या क्षणी सुचले नाही, आणि पिशवी कित्येक महिने तशीच पडून राहिली. थोर कल्पना विजेसारख्या चमकतात असे म्हणण्याची रीत आहे. ही कल्पना मात्र बी रुजावे तशी अंधारात पडून रुजली.

नायजेरियात त्या काळी मद्याच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जात, पण झाकणे निकामी ठरत. कोणी ती वितळवून पळ्या व भांडी ओतीत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या मानाने फार लवकर, म्हणजे ६६० अंशांवर वितळते, त्यामुळे ते काम साध्या भट्टीतही होते. अनात्सुई यांनी झाकणे वितळविली नाहीत. त्यांनी ती ठोकून सपाट केली, कडांना बारीक भोके पाडली आणि तांब्याच्या तारेने एकाला एक जोडली. जोडता जोडता लक्षात आले, की कडक पत्र्याचे हे तुकडे एकत्र झाले म्हणजे कापडासारखे लवतात, त्यांना घड्या पडतात, चुण्या पडतात. झाकणांवरचा सोनेरी, तांबडा, चंदेरी आणि काळा रंग दुरून रेशमासारखा झळकतो. लहानपणी बापाच्या मागावर पाहिलेले वस्त्र धातूच्या रूपाने समोर येऊन उभे राहिले होते. या पहिल्या कृतींतील दोन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकीचे नाव ‘पुरुषाचे वस्त्र’ आणि दुसरीचे ‘स्त्रीचे वस्त्र’.

आता कोणी विचारील, की पत्र्याच्या एवढ्या नाना वस्तू असताना मद्याचेच झाकण का? सापडले म्हणून घेतले, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्याचे पुरे उत्तर इतिहासात आहे.

पंधराव्या शतकापासून युरोपातील व्यापारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले. त्यांच्या गलबतांत बंदुका असत, भांडी असत, मद्य असे. हिंदुस्थानातील मागांवर विणलेले सुती कापडही त्या मालात असे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. या मालाच्या मोबदल्यात त्यांनी प्रथम सोने नेले आणि पुढे माणसे नेली. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्रिया, पुरुष व मुले जहाजांच्या तळाशी कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे पाठविण्यात आली. त्यांतील लक्षावधी वाटेतच मेली. जी पोहोचली त्यांना कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या भूमीवर गुलाम म्हणून राबविण्यात आले. त्यांतील पुष्कळांच्या वाट्याला उसाचे मळे आले. ऊस जालना जिल्ह्यातील मुलांना परका नाही. कारखान्यात साखर काढून झाल्यावर मळी उरते, हेही त्यांना ठाऊक असते. त्या मळीपासून ‘रम’ नावाचे मद्य गाळीत. ती रम जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येई, आणि तिच्या मोबदल्यात आणखी माणसे विकत घेतली जात. माणसांनी ऊस पिकवावा, उसाचे मद्य व्हावे आणि मद्याने पुन्हा माणसे विकत घ्यावी, असे ते भीषण चक्र होते. अन्याकोच्या त्याच खाजणाच्या समुद्राकडील बाजूस किटा गावी डेन्मार्कच्या लोकांनी १७८४ साली बांधलेला किल्ला आहे. बंदी केलेली माणसे जहाज येईपर्यंत तेथे कोंडून ठेवीत. समुद्राच्या लाटांनी आज त्याचा पुष्कळसा भाग गिळला आहे.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे ते क्षुद्र झाकण क्षुद्र राहत नाही. आफ्रिका, युरोप आणि अमेरिका या तीन खंडांना जोडणारा तो एक दुवा आहे, असे अनात्सुई यांचे म्हणणे आहे. झाकणांवर मद्याची नावे छापलेली असतात. त्यांत ‘एकोमोग’ हे पश्चिम आफ्रिकेतील देशांनी उभारलेल्या सैन्यदलाचे नाव आढळते, तर ‘बाकासी’ हे नायजेरिया व कॅमेरून यांच्यात तंट्याचे कारण झालेल्या प्रदेशाचे. जणू त्या देशाच्या अलीकडच्या बातम्याच झाकणाझाकणावर उमटल्या आहेत. ही झाकणे भट्टीत टाकली असती, तर बातम्याही गेल्या असत्या आणि तो जुना इतिहासही. त्याच कारणाने, आपले काम म्हणजे कचऱ्याचा पुनर्वापर होय, हे वर्णन अनात्सुई यांना मान्य नाही. जी वस्तू अनेक माणसांच्या हातांतून गेली आहे, तिच्यात त्या हातांचे काही तरी उरते, आणि त्यासाठीच ते ती घेतात. वापरलेली वस्तू स्वस्त मिळते म्हणून घ्यावी, हा विचार येथे गौण आहे.

एन्सुकाच्या कार्यशाळेत काम कसे चालत असे, तेही पाहण्यासारखे आहे. गावातील तरुण ओळीने बसत. कोणी झाकणाचा माथा कापून गोल चकती काढी, कोणी त्याची कड उलगडून पट्टी करी, कोणी पट्टी पिळून तिची घडी घाली, कोणी गळ्याजवळच्या कड्या गुंफी. एकेका प्रकारच्या जोडणीला पोत वेगळा येतो. चकत्यांची जाळी विरळ व पारदर्शक होते, तर सपाट पट्ट्यांचे कापड दाट होते. असे लहान लहान तुकडे तयार झाले म्हणजे अनात्सुई ते जमिनीवर मांडून पाहत, हलवीत, फिरवीत, पुन्हा मांडीत. मनासारखी रचना झाली की ते तुकडे एकमेकांना शिवले जात. एका मोठ्या कृतीत अशी हजारो झाकणे असतात, आणि त्यांतील प्रत्येक झाकण कोणा ना कोणा तरुणाने बोटांनी वळविलेले असते. संग्रहालयाच्या फलकावर मात्र नाव एकाच माणसाचे लिहिले जाते. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्या हातांची तर तेवढीही नोंद राहिली नाही. हा प्रश्न जुना आहे आणि तो अद्याप सुटलेला नाही.

जवळजवळ त्याच सुमारास, १९९९ साली, मुंबईच्या शर्मिला सामंत या कलावतीनेही झाकणांचेच वस्त्र केले. शीतपेयांच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे कड्यांनी एकमेकांत अडकवून त्यांनी एक साडी सिद्ध केली. परदेशी कंपनीचे पेय आणि या मातीतील वस्त्र यांची ती गाठ पाहणाऱ्याला विचारात पाडते. साडी म्हटली की ती नेसता आली पाहिजे. ही साडी कोणाला पेलवणार? एन्सुका आणि मुंबई यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे. तरी दोन्ही ठिकाणच्या कलावंतांना झाकणात व्यापाराची कथा दिसली आणि दोघांनाही ती सांगावयास कापडाचे रूप योग्य वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अनात्सुई यांची कीर्ती खऱ्या अर्थाने दिगंत झाली ती २००७ साली. इटलीतील व्हेनिस शहरी जगभरच्या कलाकृतींचे फार मोठे प्रदर्शन भरते. त्या वर्षी तेथे त्यांची धातुवस्त्रे मांडण्यात आली, शिवाय फोर्तुनी यांच्या जुन्या प्रासादाच्या दर्शनी भिंतीवर बाहेरून एक प्रचंड वस्त्र सोडण्यात आले. फोर्तुनी हे स्वतः कापडाच्या नक्षीसाठी विख्यात झालेले कलावंत होते. तेव्हा जागेची निवड किती मार्मिक होती, हे सांगावयास नको. २०१३ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीची दर्शनी बाजू सुमारे २५ मीटर लांबीच्या त्यांच्या कृतीने झाकली गेली. २०१५ साली व्हेनिसच्या त्याच प्रदर्शनात जीवनभराच्या कार्याबद्दल त्यांना ‘सुवर्णसिंह’ हा बहुमान मिळाला. अलीकडच्या काळात त्यांनी घानातील टेमा या बंदराच्या गावीही कार्यशाळा उभारली आहे.

१० ऑक्टोबर २०२३ ते १४ एप्रिल २०२४ या काळात लंडनमधील टेट मॉडर्न या संग्रहालयात त्यांचे ‘तांबड्या चंद्रामागे’ या अर्थाच्या नावाचे मांडणशिल्प लोकांनी पाहिले. ज्या हेन्री टेट यांचे नाव या संग्रहालयाला आहे, ते साखरेचे व्यापारी होते. साखरेचा पैसा आणि रमची झाकणे यांची तेथे अशी गाठ पडली. पूर्वी वीजनिर्मितीची अजस्र यंत्रे जेथे होती त्या दालनात छतापासून तीन कृती टांगलेल्या होत्या. पहिली वाऱ्याने फुगलेल्या जहाजाच्या शिडासारखी होती आणि तिच्यावर तांबडा चंद्र होता. ते शीड कोणत्या जहाजांचे, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. दुसरीत बाटल्यांच्या गळ्यांतील बारीक कड्यांची तलम जाळी होती आणि तिचे सुटे सुटे तुकडे माणसांच्या आकृतींसारखे हवेत तरंगत होते. दालनात चालता चालता पाहणारा एका ठराविक जागी आला, की ते विखुरलेले तुकडे एकमेकांशी जुळत आणि पृथ्वीचा गोल दिसू लागे; एक पाऊल पुढे टाकले, की गोल पुन्हा मोडे. तिसरी कृती म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत आलेली काळी भिंत. तिची खालची कड जमिनीवर लाटांसारखी पसरली होती, आणि मागे जाऊन पाहिले म्हणजे काळ्या पत्र्याआडचे नाना रंग चमकत.

दगडाचा पुतळा एकदा घडला की त्याचा आकार कायमचा ठरतो. अनात्सुई यांच्या वस्त्रांचे तसे नाही. प्रदर्शन संपले, की ती भिंतीवरून उतरवितात, चादरीसारखी घडी घालतात आणि पेटीत ठेवून पुढच्या गावी पाठवितात. पेटीबरोबर ती कशी टांगावी याचा सक्त नियम जात नाही. तेथील माणसांनी आपल्या भिंतीची उंची पाहावी, प्रकाश कोणीकडून येतो ते पाहावे, आणि चुणी कोठे घ्यावयाची, कड कोठे सोडावयाची, हे स्वतः ठरवावे, अशी त्यांची इच्छा असते. काही माणसे या मोकळिकीने गोंधळून जातात आणि मागील प्रदर्शनाचे छायाचित्र मागतात. जी गोंधळत नाहीत ती शिडीवर चढतात, वस्त्राचे एक टोक हाती धरतात आणि खाली उभ्या असलेल्या सोबत्याला विचारतात, की आणखी थोडे वर घेऊ काय?